दोन लाख साठ हजार पळालेली इनोव्हा: घ्यावी की सोडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात सात माणसं. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाकून बसायची गाडी नको. वर्षातून दोन-तीनदा पंढरपूर-तुळजापूर आणि एखादी गोव्याची फेरी. तासगावातच २०१४ ची इनोव्हा मिळतेय, अडीच लिटर डिझेल, मीटरवर २ लाख ६० हजार, मालक साडेसहा लाख सांगतोय. तेवढ्या पैशात शोरूममधून कोरी छोटी गाडी येते. मेव्हणे म्हणतात, "टोयोटा आहे, पाच लाख पळते, डोळे झाकून घे." आणि तुम्ही विचारताय की हे खरं, की नुसता बोलबाला?

पाच लाख पळते हे खरं आहे. माझ्याकडे येणाऱ्या टुरिस्टच्या गाड्यांत चार लाखांच्या पुढे गेलेल्या आहेत, इंजिनचं हेड न उघडता. 'डोळे झाकून घे' एवढं मात्र मेव्हण्यांनी गिळून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

इचलकरंजीत माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा मी माणूस नाही, त्यामुळे टोयोटाचं कौतुक केल्याचे मला पैसे मिळत नाहीत आणि नावं ठेवल्याने नोकरीही जात नाही. तुम्ही विचारलंय कंपनीबद्दल, पण तुम्हाला घ्यायची आहे एक विशिष्ट गाडी, अकरा वर्षं कुणाच्या तरी हाताखाली राबलेली. कंपनी चांगली असली तरी त्या अकरा वर्षांची हमी कंपनी देत नाही. तरीही हा बोलबाला आला कुठून ते आधी सांगतो, कारण त्यातच गाडी कशी बघायची याचं उत्तर आहे.

माझे वडील मागवाले. साधे चार यंत्रमाग, त्या खडखडाटात आम्ही लहानाचे मोठे झालो. साध्या मागाचं दुखणं असं की ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला तरी माग थांबत नाही. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळत राहतो आणि कापडात एक रेघ पडत जाते. विणकराचं लक्ष दुसऱ्या मागावर असलं तर हातभर माल खराब झाल्यावर कळतं, आणि व्यापारी पैसे कापून घेतो. वडील कानाने ओळखायचे. जेवताना मध्येच हात थांबायचा, म्हणायचे, "तिसऱ्याचा आवाज बदललाय."

टोयोटाचा जन्म याच दुखण्यातून झाला. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, १८६७ चा जन्म, आई घरी मागावर विणायची. त्याने आयुष्यभर मागच सुधारले. १९२४ च्या त्याच्या 'जी' मागात प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकत असे. धागा तुटला की पट्टी खाली पडायची आणि माग आपोआप थांबायचा. शिवाय धोट्यातली सुताची कांडी संपली की माग न थांबता धोटा बदलला जायचा. आता विणकराला मागासमोर उभं राहायची गरज उरली नाही, थांबलेल्या मागाकडे गेलं की झालं. एकेक माणूस डझनांनी माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे ज्यांच्याकडून जगाने माग विकत घ्यायचे त्यांनी, या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. त्या करारासाठी परदेशी गेलेला साकिचीचा मुलगा किइचिरो तिकडचे मोटारीचे कारखाने बघून आला. १९३३ मध्ये मागांच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग निघाला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली. टोयोडाचं टोयोटा झालं ते आदल्या वर्षी. जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ आकडा तिकडे शुभ मानतात.

गाड्या पहिल्यापासून दणकट होत्या असं मात्र समजू नका. १९३५ चे पहिले जी-वन ट्रक वारंवार बंद पडायचे आणि कंपनीची माणसं दुरुस्तीला धावायची. १९५७ मध्ये क्राउन गाडी मोठ्या थाटात अमेरिकेत पाठवली. जपानच्या रस्त्यांवर ती बरी होती, पण तिथल्या महामार्गाच्या वेगाला इंजिन तापायचं आणि गाडी थरथरायची. तीनेक वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. अलीकडचंही आहे: २०१० मध्ये अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि पायपुसण्याच्या मॅटच्या भानगडीत जगभर लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि कंपनीच्या अध्यक्षाला, अकिओ टोयोडाला, अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली.

त्यांचं वेगळेपण चुकल्यावर दिसतं. मागावरची ती पट्टी त्यांनी मोटारीच्या कारखान्यात नेली. तैइची ओनो नावाचा अधिकारी आधी टोयोडांच्या कापड गिरणीतच होता. त्याने मोटारींच्या कारखान्यात अशी रीत बसवली की कुठल्याही कामगाराला काही चुकलेलं दिसलं तर त्याने दोरी ओढायची, वर दिवा लागतो, आणि चूक तिथेच निस्तरली नाही तर अख्खी लाइन थांबते. चूक पुढे ढकलायची नाही. याला ते 'जिदोका' म्हणतात. स्वयंचलनाचाच शब्द, फक्त लिहिताना त्यातल्या एका अक्षरात 'माणूस' या अर्थाची खूण वाढवलेली.

आता आपल्याकडे. तुम्ही तासगावचे, म्हणजे किर्लोस्करवाडी तुमच्या दारात. किर्लोस्कर समूह आणि टोयोडा यांची भागीदारी सुरू झाली तीसुद्धा कापडाच्या यंत्रांपासून, १९९० च्या दशकाच्या मध्याला, सूत कातायच्या मशिनी बनवायला. मोटारींची कंपनी १९९७ ला आली, कारखाना बेंगळुरूजवळ बिडदीला, आणि २००० च्या सुरुवातीला पहिली गाडी आली, क्वालिस. शहरातल्या लोकांनी तिला डबा म्हणून नाकं मुरडली. ती मुळात इंडोनेशियाची किजांग. किजांग म्हणजे आपलं भेकर. १९७७ ची पहिली किजांग इतकी साधी होती की तिच्या दारांना काचासुद्धा नव्हत्या. खराब रस्ते, जास्त माणसं, कमी पैसे, गावचा मिस्त्री: एवढ्यात जगेल अशी गाडी, हा तिचा मूळ हिशेब. क्वालिसला टर्बोसुद्धा नव्हता, २.४ लिटरचं डिझेल, पंचाहत्तर हॉर्सपॉवर. घाटात मागचे हॉर्न वाजवायचे. पण मोडायला तिच्यात फारसं काही नव्हतंच.

इनोव्हा २००५ ला आली. ती, फॉर्च्युनर आणि हायलक्स पिकअप एकाच सांगाड्यावर बेतलेल्या, थायलंड, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना अशा देशांसाठी. तुम्ही बघताय त्या गाडीचं २४९४ सीसीचं इंजिन १०२ हॉर्सपॉवर काढतं. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढीच ताकद काढली म्हणजे ते पिळलेलं नाही. खाली ट्रकसारखी शिडीची चासी, ओढ मागच्या चाकांना. लांब पळते त्यामागची कारणं ही अशी आहेत, सगळी लोखंडाची आणि हिशेबाची. २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टामध्ये इंजिन बदललं आणि वॉल्व्ह-पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टच्या जागी चेन आली. त्यानंतरच्या इनोव्हा हायक्रॉसला तर शिडीची चासीच नाही आणि ओढ पुढच्या चाकांना. म्हणून कुणी 'इनोव्हा' म्हटलं की मी आधी विचारतो, कुठली? एका इनोव्हाचा अनुभव दुसरीला लागू होईलच असं नाही.

चेनचा विषय निघाला, तर बेल्टचं सांगतो. अडीच लिटरवाल्या इनोव्हात टायमिंग बेल्ट आहे आणि तो बदलायची वेळ झाली की डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट' असा दिवा लागतो. मी दर लाखाला बदलतो, काही जण दीड लाखापर्यंत ओढतात. काही वर्षांपूर्वी आंबोली घाटाखालून एक इनोव्हा टोइंग करून माझ्याकडे आणली. लग्नाचं वऱ्हाड होतं, रात्रीचे अकरा. चालत्या गाडीचं इंजिन एकदम गेलं. बेल्ट तुटला की वॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ चुकते, दोन्ही एकमेकांवर आपटतात. आत बघितलं तर रॉकर तुटलेले, वॉल्व्ह वाकलेले. मी ड्रायव्हरला विचारलं, "दिवा लागला नव्हता?" तो काही बोलेना. आत बसून बघितलं तर डॅशबोर्डच्या काचेवर दिव्याच्या जागी काळी इलेक्ट्रिकची चिकटपट्टी, व्यवस्थित कात्रीने कापून लावलेली. मालक सीझन संपेपर्यंत थांब म्हणाला होता आणि रात्री दिवा डोळ्यात खुपत होता. कंपनीने मागावरची ती पट्टी पाडून ठेवली होती हो, यांनी ती उचलून परत अडकवली. वडील तेव्हा गॅरेजमध्ये येऊन बसायचे. त्यांनी ती चिकटपट्टी नखाने काढली, बोटाला चिकटलेली बघत राहिले, आणि म्हणाले, "आपल्या मागाला हा दिवा असता तर?"

तर तुमची गाडी. २ लाख ६० हजार म्हणजे बेल्ट निदान दोनदा बदललेला असायला हवा. मालकाच्या शब्दावर जाऊ नका, बिल मागा. दिवा बंद आहे एवढ्यावर तर मुळीच नको, बेल्ट न बदलताही तो विझवता येतो. बिल नसेल तर वरचं प्लास्टिकचं कव्हर तुमच्या मिस्त्रीकडून सोडवून बेल्ट डोळ्यांनी बघा. छापलेली अक्षरं स्पष्ट असतील तर पट्टा बराचसा नवा. कडेचे दोरे सुटलेत, पाठीवर भेगा आहेत, तर गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि जमलं तर वॉटर पंपही, आणि तेवढी रक्कम भावातून आधीच वजा.

मीटरच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. तो मागे फिरवता येतो आणि फिरवला जातो. कागदोपत्री सगळी सर्व्हिस दाखवणारी तीन लाखांची गाडी मी घेईन. कागद नसलेली सव्वा लाखाची घेणार नाही, मग ती कितीही चकाचक असो. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवर जुनी नोंद असते. मालकाला सोबत घेऊन जा आणि बघून या. शेवटची नोंद एक लाखाची आणि पुढे सगळं बाहेर केलेलं असेल तर ते वाईटच असं नाही, माझ्यासारख्यांचं पोट त्यावरच चालतं. पण मग त्या बाहेरच्या मिस्त्रीचा फोन नंबर मागा. चांगल्या मालकाला आपला मिस्त्री माहीत असतो. "कुठेही करून घ्यायचो" असं उत्तर आलं की मी उठतो.

कागदांत अजून एक. गाडी पहिल्यापासून पांढऱ्या पाटीची आहे का, की टुरिस्ट परमिटवरून खाजगी केलेली? तसं करणं कायदेशीर आहे, पण मग सीटांचे कव्हर नवे आणि पेडलचं रबर गुळगुळीत असा प्रकार दिसतो. दिल्ली पासिंगची असेल तर ती स्वस्त का हे समजून घ्या. तिथे गेली काही वर्षं दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार राहिली, म्हणून त्या बाहेरच्या राज्यांत आल्या. एनओसी आणि इथला रोड टॅक्स मिळून स्वस्ताई बरीचशी जिरते. एमएच पासिंगची २०१४ ची असेल तर तिची पंधरा वर्षं २०२९ ला भरतील. पुढे नूतनीकरणासाठी फिटनेस आणि पर्यावरण कर. म्हणजे तोपर्यंत बिनघोर, पुढची वर्षं खटपटीची.

आता गाडीपाशी. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडा. टोयोटाचं कूलंट गुलाबी असतं. गुलाबी दिसलं, गाडी बहुधा शहाण्या हातात होती. मचूळ चहासारखं दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय आणि इंजिनच्या पोटात गंज आहे. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांना पाना लागलाय का, रंग उडालाय का, ते बघा. बॉनेट उगाच कुणी सोडत नाही. खाली वाकून चासीचा मागचा भाग टॉर्चने बघा, विशेषतः गाडी रत्नागिरी-मालवणकडची असेल तर. खाऱ्या वाऱ्यात शिडी आतून खाल्ली जाते आणि वरून काळा रंग मारला की काही दिसत नाही. छोट्या हातोडीने ठोकून बघा, चांगलं लोखंड घंटेसारखं बोलतं.

इंजिन चालू करून तेलाचं झाकण सैल करा आणि तसंच वर ठेवा. थोडं हललं तर ठीक, उड्या मारायला लागलं आणि तिथून धूर धापा टाकल्यासारखा येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा गेल्या. या इंजिनात इंजेक्टरच्या खालच्या तांब्याच्या वायसरांवरही लक्ष हवं. ते बसके झाले की जळलेला वायू वर येतो, तेलात काजळी साठते आणि ती तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसते. वायसर किरकोळ किमतीचे असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करून लोक इंजिन घालवतात. पुढच्या चाकांच्या खालच्या आर्मचे बूश आणि बॉल जॉइंट एवढ्या किलोमीटरला वाजतीलच, त्याने घाबरू नका, भावात धरा. मागचा एसी दहा मिनिटं लावून तिसऱ्या रांगेत बसा, कारण वडील नाही तरी मुलं तिथेच बसणार आहेत.

हे सगळं नीट निघालं तरी 'घ्याच' म्हणायला मला तुमच्याकडून एक गोष्ट कळायला हवी: महिन्याचं रनिंग किती? तुम्ही लिहिलेल्या फेऱ्या धरल्या तर वर्षाला फार तर दोन-तीन हजार किलोमीटर होतील. तेवढ्यासाठी दहा-बाराचं अ‍ॅव्हरेज देणारी, मोठ्या टायरांची, मोठ्या इन्शुरन्सची गाडी दारात उभी ठेवणं हे माझ्या हिशेबात बसत नाही. उभी राहून डिझेल गाडी पळून जेवढी खराब होत नाही तेवढी होते: बॅटरी, टायर, ब्रेक, टाकीत साठलेलं पाणी. अशा घराला मी सांगतो की रोजची छोटी गाडी ठेवा आणि पंढरपूरला जाताना ड्रायव्हरसह इनोव्हा भाड्याने करा. पण सातही जण आठवड्याला शेतावर जात असतील, वडिलांना मिरजेला दवाखान्यात न्यायचं असेल, तर कोरी छोटी गाडी तुमच्या कामाचीच नाही. तिच्यात सात माणसं बसत नाहीत आणि वडिलांना वाकून शिरावं लागतं. मग हीच घ्या, फक्त साडेसहा हा भाव सोडा. बूश, टायर, बेल्ट, कूलंट, सगळं कागदावर मांडा आणि तेवढी रक्कम खिशात राहील असा सौदा करा. सगळे पैसे गाडीत घालून रिकाम्या हाताने जुनी गाडी घरी आणली की दिव्यावर चिकटपट्टी लावायची पाळी येते.

बघायला जाल तेव्हा मिस्त्री सोबत न्या, सकाळी सातला जा, आणि आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. रात्रभर गार राहिलेल्या डिझेलला काही लपवता येत नाही, पहिल्या सेल्फला किती वेळ घेते, धूर पांढरा की काळा, टकटक किती वेळ राहते, सगळं पहिल्या मिनिटात कळतं. पोचलात की नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता साडेसहाला जा.